उंबरावरचे कर्णे

वीरधवलने बांधावरच्या उंबराला कर्णे टांगले, त्या आठवड्यात आमचा बियाण्याचा कांदा नुकता गोंड्यावर, फुलावर आला होता.

वीरधवल माझ्या चुलत दिराचा मुलगा. त्याची द्राक्षबाग आमच्या रानाला लागून आहे. मधल्या बांधावरचा उंबर दोघांच्या मालकीचा, म्हणजे ज्याला लाज कमी त्याच्या मालकीचा. त्याने शिडी लावून दोन कर्णे वर बांधले आणि बेचक्यात एक मोठा बॉक्स दोराने आवळून बसवला. हा बॉक्स एरवी वराती आणि पुढाऱ्यांचे वाढदिवस गाजवायला वडूजपर्यंत भाड्याने जातो. खाली बांधावर त्याने पाखरं पळवायची, नुसता बार काढणारी गॅसची तोफ मांडली. माघ लागला होता, द्राक्षात साखर भरत होती, आणि पाखरांना ते आपल्याआधी कळतं.

उजाडलं की सुरू. ससाण्याची किंकाळी, कुत्र्यांचं भुंकणं, बंदुकीचे बार, मध्येच वरातीतलं एखादं गाणं, आणि थोड्या थोड्या वेळाने तोफेचा दणका. चुलीवरचं दूध त्या दणक्याने थरारायचं.

पाखरं राखणं मला नवीन नाही. नवी नवरी होते तेव्हा ज्वारीच्या रानात माळ्यावर उभी राहून मी गोफण फिरवली आहे, घसा बसेपर्यंत हाळी दिली आहे. पण माणूस दमतो. दुपारी खाली उतरून भाकरी खातो, झाडाखाली डोळा लागतो. तेवढ्यात पाखरंही चार दाणे उचलत. सासूबाई म्हणायच्या, उचलू दे, दिवसभर तुझं ओरडणं ऐकलंय त्यांनी. यंत्र भाकरी खायला उतरत नाही.

मी काठी टेकत बांधावर गेले. वीरधवल मोबाईलवर बोट फिरवून आवाज वरखाली करत होता. बागेतले गडी भोवती उभे होते.

"वीरू, उंबराला आग्या मोहोळ हाय रं," मी म्हणाले.

"दिसतंय की काकी. त्यांच्या फांदीला हात लावला न्हाई."

"झाड एकच हाय न्हवं?"

"मग काय त्यांच्या नावावर हाय व्हय झाड?"

गडी हसले. मालक बोलला की हसायचं, एवढंच त्यांना शिकवलेलं.

"माश्या गेल्या तर आमचा कांदा भरायचा न्हाई."

"माश्यांना कान असत्यात व्हय काकी? कुठं बघितलासा?"

"तुझ्या बापाला व्हते. त्यो आग्या बसला की झाडाखाली बैल बी बांधत नव्हता."

"आप्पांची बाग नव्हती, काकी. चार पायल्या जवारीची राखण व्हती ती. राघूंनी काल दोन वळी नासवल्या. तुमी तुमचा कांदा बघा, मी माझी बाग बघतो." आणि मोबाईलवर बोट फिरवून त्याने आवाज आणखी वाढवला. माझ्या तोंडावर. त्याला लहानपणी खरूज झाली तेव्हा मी करंजाचं तेल चोळलं होतं.

गोंड्यात माशी फिरल्याशिवाय कांद्याचं बी धरत नाही, हे आमच्या वेळी शेंबड्या पोराला ठाऊक होतं. ते शेंबडं पोर आता बागाईतदार झालं आहे.

हा कांदा आमच्या घरचा. सासूबाईंनी माहेराहून पदराच्या गाठीत बी आणलं होतं. बसका, जांभळट, कापताना शेजारणीच्या डोळ्यांत पाणी आणणारा. कांद्याचं बी ज्वारीसारखं कणगीत राहत नाही. वर्ष उलटलं की ते मरतं, दरसाल नवं धरावं लागतं. गेल्या साली ऐन भरात गारपीट झाली आणि सगळे गोंडे मोडून पडले. माळ्यावर टांगलेले कांदे तेवढे उरले होते. ते सगळेच यंदा बियाण्याला लावले. यंदा गोंडा भरला नाही तर तो कांदा संपला. दुसरीकडे कुठे नाही.

घरी आले तर लालासाहेब अंगणात बाज टाकून बसला होता. लालासाहेब माझा मुलगा. तोफखान्यात हवालदार होता, पेन्शनीत आला तो कान तिथेच ठेवून. कुकरची शिट्टी, गाईचं हंबरणं, बायकोची हाक, काही त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. पण वीरधवलची तोफ उडाली की त्याची मान वर व्हायची. पहिल्या दिवशी तर त्याच्या तोंडावर हसू आलं होतं. तेव्हापासून त्याने बाज त्या बाजूला फिरवून घेतली होती.

"आवं, तेला जाऊन जरा सांगा की," त्याची बायको अनसूया त्याच्या कानाशी ओरडली. "तुमी फौजी मानूस, तुमचं ऐकंल."

"तेचं रान, तेचा आवाज," तो म्हणाला. "आन् आवाज वंगाळ न्हाई गं. निदान कायतरी ऐकू तर येतंय."

अनसूयेने माझ्याकडे बघितलं. बहिऱ्या माणसाला ऐकू येणारी एकच गोष्ट बंद करा, असं त्याच्या आईने कोणत्या तोंडाने म्हणावं.

मग मी रोज बांधाला बसून बघत राहिले. पहिले दोन दिवस आभाळ रिकामं. तिसऱ्या दिवशी साळुंक्या परत आल्या. आठवडा झाला तेव्हा राघू कर्ण्याच्या तोंडावरच बसून चोच पुसत होते. ससाण्याची किंकाळी त्यांच्या पोटाखालून निघे आणि ते द्राक्षाचे मणी फोडत. गेले ते भलतेच. पहाटे तित्तर ओरडायचे ते बंद झाले. चिंचेच्या ढोलीतला पिंगळा गेला. तारेवर बसून अळ्या टिपणारे कोतवाल गेले, होले गेले. ज्यांनी द्राक्षाला कधी चोच लावली नाही ते सगळे भ्याले आणि चोर तेवढे राहिले. गावच्या पंचायतीत जे झालं तेच रानात झालं.

कोतवाल गेले तसा कोंडीबाचा हरभरा अळीने खाल्ला. कोंडीबाचं रान ओढ्याच्या पलीकडे. त्याने दुकानदाराला शिव्या दिल्या, मग औषधाला, मग हवामानाला. मी त्याला म्हणाले, "कोंडीबा, तुझ्या तारंवर पाखरू दिसतंय का बघ." तो तारेकडे बघून म्हणाला, "तार तर शाबूत हाय, वैनी." अशा लोकांत मी जन्म काढला.

आग्याची तीन पोळी होती. आग्या बसलेला असतो तेव्हा माश्यांच्या अंगावरून एक लहर जाते, वाऱ्याने पदर हलावा तशी. तोफ उडाली की ती लहर जायची. मग बॉक्समधून गाणं लागलं की जायची. मग ती थांबेचना. पोळं दिवसभर उकळत्यासारखं दिसू लागलं. माश्या गोंड्यावर उतरायच्या, अर्ध्यातून उठायच्या. एक दिवस गवताचा भारा घेऊन येताना अनसूयेच्या मानेला आणि भुवईला त्या चावल्या. तिचा डोळा मिटला, तोंड भोपळ्यासारखं सुजलं. ती लिंबाखाली ओकत बसली आणि मी चुना लावत राहिले. बांधापलीकडून वीरधवलचा एक गडी म्हणाला, "बघा, काकींच्या लाडक्या."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, ऊन चढताना, उंबरावरून काळा धूर उठावा तशा त्या उठल्या. विहिरीवर एक गिरकी घेतली आणि उगवतीकडे गेल्या. अर्ध्याहून जास्त गोंडे तेव्हा उमलायचे होते. पांढरी पोळी फांदीला तशीच लोंबत राहिली, रिकाम्या घराच्या भिंतींसारखी. वर गाणं चालू होतं. नवरदेव घोड्यावर बसतो ते.

"आत्याबाई, आता?" अनसूयेने विचारलं.

"आता आपुन माश्या व्हायचं," मी म्हणाले.

दव उडालं की आम्ही दोघी रानात उतरायचो. जुन्या धोतराचा मऊ फडका हाताला गुंडाळायचा, एका गोंड्यावरून हलके फिरवायचा, मग दुसऱ्यावरून, मग परत पहिल्यावर. जोर केला की फूल मोडतं, नाही केला तर फुलाची धूळ फडक्याला लागत नाही. गोंडा कमरेच्या उंचीला, म्हणजे ना उभं राहता येतं ना बसता. कंबर अशी धरायची की सरीच्या टोकाला पोचल्यावर सरळ होताना तोंडातून आवाज निघे. कांद्याच्या फुलाचा वास गोड आणि उग्र. दुपारपर्यंत डोकं भणभणायचं. हाताला, केसांना, लुगड्याला तोच वास. एका सरीवरून फिरून येईतो मागे नवी फुलं उमललेली असायची. माशी हे काम गुणगुणत करत होती.

रस्त्याने जाणारे थांबायचे. कोणी फोन काढून आमचं चित्र घ्यायचे. "काय चाललंय मनुबाई, गोंड्यांला पावडर लावताय व्हय?" असं एकाने विचारलं. गुराढोरांची जत्रा, अन्नदानाची पंगत, कुणाची जयंती, सगळीकडे हीच माणसं कानठळ्या बसवून घेतात आणि घरी येऊन म्हणतात, रान पूर्वीसारखं राहिलं नाही.

ही बातमी वीरधवलच्या कानावर गेली. बांधावर येऊन तो म्हणाला, "काकी, उगं कंबर कशाला मोडून घेताय? लय सोपं हाय. पाखरांना पळवायला ससाणा लावतो, तसं माश्यांना बोलवायला माश्या लावू."

मला वाटलं थट्टा करतो आहे. पण त्याच्या तोंडावर थट्टा नव्हती. त्याला खरोखरच मदत करायची होती. त्याने मोबाईलवर कुठून तरी माश्यांचं गुणगुणणं शोधलं आणि उंबरावरून लावलं. एवढ्याशा जिवाचा आवाज त्या बॉक्समधून असा आला की पिठाची गिरणी झाडावर चढवल्यागत वाटावं. गाव जमलं. कोंडीबाने तर उंबराला हात जोडले. लोक आभाळाकडे बघत उभे राहिले. आमच्या गाईने दावं तोडलं आणि ती तुडवत कांद्याच्या कडेच्या सरीतून गेली. माशी एक आली नाही.

"रेंज कमी पडत आसंल," वीरधवल म्हणाला आणि आवाज पुरता सोडला.

त्याच वेळी लालासाहेब उंबराखाली होता. अनसूयेच्या टाचांना भेगा पडल्या होत्या, त्यांना लावायला मेण हवं म्हणून तिने त्याला पोळ्याचा पडलेला तुकडा आणायला धाडलं होतं. वाकताना त्याने आधाराला खोडावर हात टेकला आणि तो तसाच राहिला. मग दुसरा तळवा टेकला. मग गाल. लोकांना वाटलं, फौजीला भोवळ आली. वरून वाळक्या पोळ्याचा भुगा त्याच्या खांद्यावर पडत होता.

तो वीरधवलकडे गेला आणि त्याचं मनगट धरून त्याला खोडापाशी घेऊन आला. "हात लाव," म्हणाला. बहिरा माणूस मोठ्याने बोलतो, सगळ्यांनी ऐकलं.

वीरधवलने हात लावला. थोडा वेळ ठेवला. त्याचा चेहरा खुलला. "भारी बेस हाय की, दादा," तो म्हणाला.

लालासाहेबाने त्याचं मनगट सोडलं. घरी येऊन बाज उचलली आणि पडवीत उभी करून ठेवली. जेवताना म्हणाला, "आये, झाड तोफंच्या गाड्यावर हात ठेवल्यागत थरथरतंय. आमाला तरी सुट्टी मिळायची." दुसऱ्या दिवशी तो हाताला फडका गुंडाळून रानात आला. त्याची बोटं जाड, पहिल्या दिवशी त्याने किती गोंडे मोडले ते विचारू नका. अनसूया त्याच्यामागून जात मोडलेले गोंडे ओच्यात लपवत होती, मला दिसू नयेत म्हणून. तोफ उडाली की त्याची मान अजून वर व्हायची. पण आता तो लगेच खाली घालायचा, चोरी पकडली गेल्यासारखा.

फाल्गुनात व्यापाऱ्याने द्राक्षं तोडली आणि त्या संध्याकाळी कर्णे खाली आले. आमच्या सांगण्याने नव्हे, उंबराच्या थरथरण्याने नव्हे. माल गेला, म्हणून. बॉक्स लगेच एका वाढदिवसाला गेला. रान गप्प झालं. मी कान देऊन बसले. तित्तर नाही, पिंगळा नाही, काही नाही. आवाज थांबला की जुनं सगळं आपोआप परत येतं असं मला वाटलं होतं. मीही याच गावची.

चैत्रात गोंडे वाळले. कापून खळ्यात पसरले, काठीने झोडपले, सुपाने पाखडले. एरवी सुपात काळी रास साठते, कोळशाच्या भुकटीसारखी चमकणारी. या वेळी सूप हलवावं तो सगळं उडून जाई. फोलपट, नुसतं फोलपट. दिवसभर पाखडून जे खाली राहिलं ते अनसूयेने वाटीत घेतलं, बोटाने सारखं केलं आणि माझ्याकडे बघितलंच नाही. ओंजळ भरली नसती.

आमच्या घरची रीत अशी, की अक्षय तृतीयेला दारात येईल त्याला कांद्याचं बी द्यायचं. पैसे घ्यायचे नाहीत. ज्याने त्याने ओंजळ करायची, मावेल ते न्यायचं. सासूबाईंची रीत, मी मोडली नव्हती. त्या सकाळी लोक सवयीने आले, पिशव्या आणि फडकी घेऊन. ज्यांनी आमचे फोटो काढले होते तेही आले. आणि त्यांच्यात वीरधवल उभा होता, धुतलेल्या शर्टात. त्याच्या सासऱ्यांना हाच कांदा लागतो.

मी सूपभर फोलपटं घेऊन बाहेर आले. वीरधवलने ओंजळ पुढे केली, मी ती शिगोशीग भरली.

"फुंकर मार," मी म्हणाले.

त्याने फुंकर मारली. सगळं उडून पायाशी पडलं. तो रिकाम्या तळव्यांकडे बघत राहिला.

"थट्टा करताय व्हय काकी?"

"न्हाई रं. तुझ्या वाटणीचं तेवढंच पिकलंय. यंदा बी न्हाई, बाबांनो. जावा घरी."

लोक कुजबुजले. एवढ्यात लालासाहेब दारात आला. त्याला आपलं हळू बोलणं किती मोठं असतं ते कळत नाही. माझ्या कानाशी वाकून तो अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं म्हणाला, "आये, वाटीत हाय की थोडं. रीत कशापायी मोडतीस?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. या वयात दारातल्या माणसांसमोर खोटी ठरले. मी काठीवर जोर दिला.

"हाय," मी म्हणाले. "आन् देत न्हाई. माशी न्हाई त्या गावात बी देऊन करू काय?"

लोक पांगले. म्हातारी कद्रू झाली, असं कोणीतरी फाटकापाशी म्हणालं, मला ऐकू जावं अशा बेताने. दारात एकटा बिराप्पा उरला. बिराप्पा मेंढरं राखतो. उन्हाळ्यात त्याची मेंढरं आमच्या रानात बसतात, बदल्यात तो बी नेतो. त्याची वाडी डोंगरात, कड्याखाली.

"मग येतो आक्का," तो म्हणाला. "फुडच्या साली बघू. आमच्यात माश्यांला तोटा न्हाई, कड्याला सगळा आग्याच लोंबतोय. पर बी न्हाई तर काय."

"तुमच्यात कोणी वाजवत न्हाई?"

"कशावर वाजवायचं? लाईटच न्हाई. वादळात खांब पडल्यात, कोन सायेब वर येतोय." त्याच्या बोलण्यात लाज होती. "आमी आपलं अंधारातलं लोक. वीरूदादाकडं जुना बॉक्स मागून ठिवलाय. लाईट आली का पयल्या जत्रंला लावायचा. पोरं लय माग लागल्यात."

"कवा येनार लाईट?"

"फुडच्या जत्रंपतोर येईल म्हनत्यात."

फाटकापाशी वीरधवल अजून उभा होता. आत जाऊन मी वाटी घेऊन आले. बिराप्पाने फेट्याचा शेव पुढे धरला. मी वाटी उपडी केली.

"समदं?" लालासाहेबाने विचारलं. आळीभर ऐकू गेलं.

"समदं," मी म्हणाले.

अनसूया चौकटीला धरून उभी होती. तिच्या भुवईवर आग्याच्या चाव्याचा काळा डाग अजून होता. ती पुढे आली. वाटी माझ्या हातातून घेतली, कडेला चिकटलेले दाणे नखाने सोडवले आणि तेही फेट्याच्या शेवात टाकले.

बिराप्पाने गाठ मारली. "काय सांगनं, आक्का?"

"पाऊस पडला की रोप टाक. कांदा निघाला की इकू नको, खाऊ नको, तसाच बियाण्याला लाव. लाईट यायच्या आत बी धरून घे."

लाईटचा आणि कांद्याचा काय संबंध, हे त्याला कळलं नाही. पण मोठ्या माणसाने सांगितलं म्हणून त्याने मान हलवली, काठी उचलली आणि वाडीच्या वाटेला लागला. फाटकापाशी वीरधवलने त्याला अडवलं आणि बॉक्स कधी नेतोस म्हणून विचारलं.